वरच्या खोलीचा नळ

आमच्या चाळीत पाहुणे आले की आधी त्यांना खड्डा दाखवला जायचा. चहा नंतर. 'या, बघा तरी,' म्हणत आई त्यांना दाराबाहेर न्यायची, पत्रा बाजूला सरकवायची आणि पाहुणे गुडघ्यांवर हात टेकून आत वाकायचे. आत चार पायऱ्या, तळाला सिमेंटचा गुळगुळीत ओटा, आणि कळशी जेमतेम मावेल एवढ्या उंचीवर पितळी तोटी. 'अरे वा, चांगला खोल आहे,' असं म्हणणं ही त्या काळातली सभ्यता होती. नुसतं 'हं' म्हणणाऱ्याच्या चहात साखर कमी पडायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

ही गोष्ट कळव्याची, ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची. पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ होती. आठ खोल्या, एकीला लागून एक, आणि समोरची गल्ली रस्त्यापासून डोंगराकडे चढत जाणारी. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातून एक बारीक पाइप निघायचा आणि दारांसमोरून सरपटत वर जायचा. पहिली खोली रस्त्याला लागून, आठवी डोंगराला टेकलेली, आणि आम्ही चौथे. पाणी दुपारी साडेतीनला यायचं आणि सव्वाचारला जायचं. त्या पाऊण तासात जे भरलं ते आपलं.

पूर्वी म्हणे हेच पाणी आठही खोल्यांना पुरून उरायचं. मग रस्त्यापलीकडे इमारती उभ्या राहायला लागल्या. शेतं गेली, खाडीकाठचं दलदलीचं खाजण भराव घालून बुजवलं, माणसं वाढली. पाइप मात्र तोच राहिला. आमच्या नळाची धार आधी करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी.

खड्ड्याचा शोध पहिल्या खोलीतल्या काकांनी लावला. काका एका कंपनीच्या ड्रॉइंग खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या खड्ड्याचा आधी कागदावर नकाशा झाला. तोटी जमिनीखाली नेली की धार वाढते, हे त्यांनी मोजपट्टी लावून सिद्ध केलं. कोणी कुरकुर केली तर ते शांतपणे सांगायचे, 'पाणी उताराकडे जातं. हा निसर्गाचा नियम आहे. मी निसर्गाच्या आड येणारा कोण?' मग दुसऱ्या खोलीने गुडघाभर खणलं, तिसरीने मांडीभर. आम्ही कंबरभर. पाचव्या, सहाव्या, सातव्या खोलीनेही हात आखडता घेतला नाही. सगळ्यांचे खड्डे करणारा प्लंबर एकच होता आणि तो प्रत्येक घरात चहा पिता पिता हळूच सांगायचा, 'वहिनी, खालच्यांचा तुमच्यापेक्षा चार बोटं जास्तच आहे हां. बघा, तुमची मर्जी.' त्या माणसाने आमच्या गल्लीवर दोन वर्षं संसार चालवला.

खरं सांगायचं तर मला तो खड्डा फार आवडायचा. मी दहा वर्षांची, घरात सर्वांत सडपातळ, त्यामुळे आत उतरणं हे माझं काम. मे महिन्यात वर पत्रे तापलेले असताना खाली ओल्या मातीचा गारवा असायचा. मी पाइपाला कान लावून बसायचे. आधी लांबून 'सूं' असा वारा ऐकू यायचा, मग पाइप हाताला थंड लागायचा, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडायचे, 'आलं!' माझ्या ओरडण्यावर अख्खी गल्ली उठायची. तांब्याच्या हंड्याला फडकं बांधून पिण्याचं पाणी पहिलं. मग कळश्या, बादल्या, पिंप. शेवटी कुकर, पातेली, वाट्यासुद्धा. पाणी गेलं की बायका ओले पदर पिळत तिथेच पाच मिनिटं टेकायच्या, कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची नणंद काय म्हणाली ते सगळं व्हायचं. मग आठ घरांत एकदम स्टोव्हना पंप मारल्याचे आवाज. त्या सव्वाचारच्या चहासारखा चहा मला पुन्हा कधी मिळालेला नाही.

पुढे नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीला इमारतीत राहायला गेलो. गच्चीवर टाकी, घरात चार नळ. तिथे एकदा सोसायटीची मीटिंग भरली. शेजारच्या सोसायटीने बोअरवेल आमच्यापेक्षा खोल नेली होती आणि आमची आटली होती. आपणही आणखी खोल जाऊ, असा ठराव आला. मी एकदम मोठ्याने हसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय सांगणार, की हा खड्डा माझ्या ओळखीचा आहे म्हणून.

तर आठवी खोली. तिला बरेच महिने कुलूप होतं. एका मे महिन्यात ती एका तरुण जोडप्याने विकत घेतली. तो ठाण्यात सरकारी कचेरीत क्लार्क, ती सरकारी दवाखान्यात नर्स. गाव मराठवाड्यातलं. ते बौद्ध होते. हे आमच्याकडे कोणी मोठ्याने बोललं नाही, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक झालं होतं. अशा बातम्या आमच्या गल्लीत पाण्यापेक्षा लवकर वर चढायच्या. मी तिला ताई म्हणायला लागले, कारण तिच्याकडे थर्मामीटर होता आणि ती मला तो झटकायला द्यायची.

खोली बघायला आला तेव्हा तिच्या नवऱ्याने खोली नंतर पाहिली, आधी नळ सोडून पाहिला. पाणी आलं. चांगलं धो धो आलं. कारण मे महिना होता आणि अर्धी चाळ गावाला गेलेली होती, खड्डे झाकून. हे त्याला कोणी सांगितलं नाही. आम्हीही नाही. जूनमध्ये सगळे परतले, पत्रे बाजूला सरकले आणि त्याच्या नळाची धार थेंबावर आली. त्यानेही खणून पाहिलं, पण आठव्या खोलीखाली डोंगराचा कातळ होता. पहार मारली की ठिणग्या उडायच्या. आणि त्याच जूनमध्ये आईने आमचा खड्डा आणखी हातभर खाली नेला. त्यानंतर वरचा नळ पार कोरडा झाला.

ते भांडायला खाली आले नाहीत. तो रोज संध्याकाळी सायकलला दोन कॅन अडकवून रुळांपलीकडे चुलतभावाकडे जायचा आणि पाणी घेऊन चढ चढायचा. ताई मात्र आठवड्यातून एकदा आपली कोरडी तोटी चिंच लावून घासायची.

'कशाला घासतेस? पाणी तर येत नाही,' मी एकदा विचारलं.

'येईल तेव्हा तोटी घाण नको,' ती म्हणाली.

मग तिने मला तिच्या सासूबाईंचं सांगितलं. ती त्यांना आत्या म्हणायची. आत्या गावी एकट्या राहत होत्या. मुलगा शहरात आल्यापासून भाड्याच्या तीन खोल्या बदलून झाल्या, पण आत्या एकदाही राहायला आल्या नव्हत्या. प्रत्येक ठिकाणी नळ दुसऱ्याचा. 'ज्या दिवशी तुझ्या दारात तुझं पाणी असेल त्या दिवशी बोलव,' असं त्यांनी मुलाला बजावलं होतं. मे महिन्यात त्याने पत्र लिहिलं, की नळ दारात आहे, आपला आहे, कोणाला विचारावं लागत नाही. आत्यांनी ते पत्र शाळेतल्या मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं आणि निरोप पाठवला, पाऊस सरला की येते.

'मग आता काय करणार?' मी विचारलं.

 ताईने मला थर्मामीटर झटकायला दिला.

मी घरी येऊन सगळं आईला सांगितलं. माझी आई जिभेने तिखट, पण मनाने लोणी. ऐकून तिचा जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर तिने तांब्याचा हंडा गाळून भरला, डोक्यावर घेतला, कमरेवर कळशी, मागे तांब्या घेऊन मी, अशी आमची वरात चढ चढून आठव्या खोलीसमोर उभी राहिली. ताई नुकतीच ड्युटीवरून आली होती.

'हे घे गं,' आई धापा टाकत म्हणाली. 'सासूबाई येतील तेव्हाही रोज देत जाईन. काळजी करू नकोस.'

'नको वहिनी.'

'अगं, नको काय? एवढी वर घेऊन आलेय.'

'नको, खरंच.'

आई हसली. थट्टेतच म्हणाली, 'का गं? आमच्या घरचं पाणी चालत नाही की काय तुम्हाला?'

बोलून गेल्यावर तिलाच कळलं. मला तेव्हा काही कळलं नाही; फक्त आईचा चेहरा एकदम उतरला एवढं दिसलं. ताई चिडली नाही. तिने आधी आईच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला आणि पायरीवर ठेवला.

'चालतं की वहिनी,' ती म्हणाली. 'पण दिलेलं नको. आमच्या आत्या गावच्या विहिरीवर तास तास उभ्या राहिल्यात, कोणीतरी येईल आणि घागरीत वरून ओतेल म्हणून. ओतणारी सगळी माणसं वाईट नव्हती. काही चांगलीही होती. पण त्यांच्या मनात आलं तर पाणी, नाही आलं तर नाही. आता इथे येऊन त्या तुमची वाट बघत दारात उभ्या राहणार असतील, तर त्यांना गावाहून आणायचं कशाला?'

आईने हंडा उचलला आणि आम्ही परत फिरलो. भरलेला हंडा चढावर नेणं कठीण. पण तो परत खाली आणणं त्याहून कठीण. सातव्या खोलीपासून सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कोणी ना कोणी बघत होतं.

घरी आल्यावर भांड्यांची आदळआपट झाली. संध्याकाळी वडील कामावरून आले तोवर आईचा पारा उतरलेला नव्हता.

'म्हणजे पाणी दिलं हीच माझी चूक?'

वडील सौम्य माणूस. बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले, 'तू कुठे पाणी देत होतीस? तिचंच तिला परत नेऊन देत होतीस.'

आईने हातातलं फडकं त्यांच्या अंगावर भिरकावलं. 'मग काय करू? माझी पोर तहानलेली ठेवू? आधी खड्डे खालच्यांनी खणले. त्यांना जाऊन विचारा!'

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच त्यानंतर महिना-दीड महिना काहीही झालं नाही. आईने ताईला बघितलं की मान वळवायची, ताईने हसून पुढे जायचं, आणि मी रोज साडेतीनला खड्ड्यात उतरायचं. मला त्या दिवसांची लाज वाटते, असं मी म्हणू शकते. पण खरं म्हणजे तेव्हा वाटली नव्हती. खाली बसलं की वर काय चाललंय ते दिसतच नसे.

पाऊस जोरात लागला. गल्लीतलं गटार भरून वाहायला लागलं आणि ते सगळं गढूळ पाणी आमच्या खड्ड्यांत. तोटी बुडून जायची. साडेतीनच्या आधी डबड्याने पाणी उपसायचं, तोटी पुसायची, हंड्याला दुहेरी फडकं बांधायचं, की झालं स्वच्छ. अशी आमची समजूत. श्रावण लागण्याआधी पहिल्या खोलीतले काका पिवळे झाले. मग तिसऱ्या खोलीतली दोन मुलं. मग एका दुपारी मी ताईच्या दारावरून जात होते, तिने हाक मारली, माझी खालची पापणी बोटाने ओढली आणि म्हणाली, 'आईला बोलाव.'

कावीळ. डॉक्टर झाले, उसाचा रस झाला, आणि खाडीपलीकडच्या एका बाईने दिलेली मंतरलेली माळही झाली. ती माळ आपोआप लांबत जाते आणि गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरते म्हणे. मी दर तासाला माळ मोजायचे. ताईने माळ पाहिली, पण ती हसली नाही. 'माळ असू दे,' ती आईला म्हणाली, 'पण पाणी उकळून द्या.' आणि संध्याकाळी स्वतःच्या घरचं उकळून गार केलेलं पाणी घेऊन आली. झाकलेला तांब्या, वर स्वच्छ रुमाल.

आईने तांब्या हातात घेतला.

'हे दिलेलंच पाणी ना गं?' ती म्हणाली.

'हे औषध आहे वहिनी,' ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदाच.

मग ताईने माझ्या उशाशी बसून आईला समजावलं. नळाचं पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि उलटा ओढायला लागतो. आपल्या तोट्या डबक्यात बुडालेल्या. एखादी जरी गळकी असली तरी डबक्यातली घाण पाइपात शिरते आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला तीच सगळ्यांत आधी हंड्यात पडते. फडक्याने चिखल अडतो, कावीळ नाही. आई ऐकत होती. मग तिने बोटांवर खोल्या मोजल्या. तीन खोल्यांत कावीळ होती. ज्यांच्या नळाला पाणीच नव्हतं त्या खोलीत नव्हती.

त्या रविवारी आई-वडिलांनी आमचा खड्डा बुजवला. दगड, विटांचे तुकडे, वर माती. प्लंबरने तोटी पुन्हा गुडघ्याच्या उंचीवर आणली आणि दर वेळेसारखा चहाही प्यायला. मी खिडकीतून बघत होते. माझ्या पायऱ्या एकेक करून मातीखाली गेल्या तेव्हा मला रडू आलं. आजही मे महिन्यात मला त्या गारव्याची आठवण येते. कावीळ देणाऱ्या खड्ड्यावर असं प्रेम करावं का, हा प्रश्न वेगळा.

आणि गंमत बघा. सोमवारी आमच्या नळाला टिपूसही आलं नाही. आम्ही सोडलेलं पाणी वर गेलंच नाही. ते आजूबाजूच्या खड्ड्यांतच पडलं. वरचा नळ कोरडा होता तसाच कोरडा, आणि आता आमचाही. घरात आजारी पोर आणि पिंप रिकामं. वडील कामावरून आले की हंडा घेऊन स्टेशनकडच्या ओळखीच्या घरी जायचे. 'एकट्याने शहाणं होऊन उपयोग नसतो,' आई म्हणाली. तिने चार दिवस हे सोसलं आणि पाचव्या दिवशी मला अंथरुणातून उठवलं.

'चल.'

'कुठे?'

'तुझे डोळे दाखवायला.'

मला वाटलं डॉक्टरकडे. पण तिने मला दारोदार फिरवलं. प्रत्येक दारात उभं करायची, हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, 'बघा. उद्या तुमच्याकडे.' मी गल्लीतलं चालतंबोलतं प्रदर्शन झाले होते. तिसऱ्या खोलीला दाखवायची गरजच नव्हती, त्यांनी आधीच माती मागवली होती. दुसरी, पाचवी, सहावी, सातवी कुरकुरत तयार झाली. पहिल्या खोलीत काका पलंगावर पिवळेजर्द पडून होते, डोळे मिटलेले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि आवाज खाली करून आईला म्हणाल्या, 'हे झोपलेत तोवरच भरून टाकू या.'

पंधरा दिवसांत गल्लीत एकही खड्डा राहिला नाही. खणायला जो प्लंबर होता तोच वर आणायलाही होता, आणि आता तो प्रत्येक घरी सांगत होता, 'मी तर आधीपासून सांगत होतो.'

पण तोट्या एका उंचीवर आल्या म्हणून पाणी लगेच डोंगर चढत नाही. खालचे नळ उघडे असले की सगळं खालीच संपायचं. पाऊस ओसरत चालला होता. ताईच्या घरी पत्र आलं, की आत्या सोमवारी सकाळी कल्याणला उतरतायत. ताईने ते मला सांगितलं तेव्हा ती पुन्हा तोटी घासत होती. तिचा नवरा म्हणाला होता, गावाला तार करू आणि येऊ नको म्हणून कळवू. मी धावत खाली आले.

रविवारी संध्याकाळी आईने सगळ्यांना गल्लीत बोलावलं. तिचं म्हणणं साधं होतं. साडेतीनला सगळ्यांनी आपापले नळ बंद ठेवायचे. फक्त आठवा उघडा. त्यांचं भरलं की त्यांनी 'झालं' अशी हाक द्यायची, मग सातव्याने उघडायचा, मग सहाव्याने, असं करत खाली. प्रत्येकाने ठरलेली पाच भांडी भरायची. शेवटच्यांना कमी पडलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकेक भांडं कमी.

काका शाल पांघरून खुर्चीत बसले होते, अजून थोडे पिवळेच. 'म्हणजे मी शेवटचा?' ते म्हणाले. 'पाणी माझ्या दारावरून वर जाणार आणि मी बघत बसणार? वहिनी, पाणी उताराकडे जातं. निसर्गाचा नियम—'

'काका,' आई म्हणाली, 'निसर्गाचा नियम तुम्ही महिनाभर पिवळे पडून पाळलात. आता आठ दिवस माणसांचा पाळून बघू.'

काकू पदराआड हसल्या आणि काकांनी शाल घट्ट ओढून घेतली. आठ दिवस बघू, असं ठरलं. पण कोण खरंच थांबेल याची खात्री कोणालाच नव्हती. आईलाही नव्हती, रात्री ती वडिलांना म्हणाली, 'एकाने जरी तोटी फिरवली तरी त्या म्हातारीसमोर मान खाली जाईल.'

सोमवारी आत्या आल्या. एवढीशी मूर्ती, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. मुलाने रजा घेतली होती. मला आता घराबाहेर पडायची परवानगी होती, म्हणून मी तीन वाजताच ताईच्या पायरीवर जाऊन बसले. सव्वातीनला आईही वर आली. सगळ्यांवर नजर ठेवायला म्हणून, असं तिचं म्हणणं. तिथून सगळी गल्ली दिसत होती. प्रत्येक दारात भांडी मांडलेली, आणि प्रत्येक भांड्यामागे कोणीतरी हात मांडीवर ठेवून बसलेलं. 

साडेतीन वाजले. नळ खोकला, वारा फुसफुसला, आणि काही झालं नाही. ताईच्या नवऱ्याने डोळे मिटले. मग पुन्हा खोकला, आणि तोटीच्या तोंडाशी थेंब जमले.

'आत्या, तुम्ही सोडा,' ताई म्हणाली.

तोटी कुठल्या बाजूला फिरवायची ते आत्यांना माहीत नव्हतं. ताईने दाखवलं. आत्यांनी फिरवली आणि बोटाएवढी जाड धार दगडावर आपटली. त्या दचकून मागे सरल्या. मग पुढे येऊन त्यांनी नळ बंद केला. पुन्हा सोडला. पुन्हा बंद केला. तीनदा, चारदा. खालून काकांचा आवाज आला, 'झालं का?' आणि लगेच काकूंचं 'श्श' ऐकू आलं.

त्या आवाजाने आत्यांनी मान वर केली. उतारावर बसलेली सगळी माणसं त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिली.

'हे समदे कशापायी बसल्यात?' त्यांनी विचारलं.

'आपलं भरायची वाट बघतायत,' ताई म्हणाली.

'आपलं?'

'हो आत्या. आधी आपलं, मग त्यांचं.'

आत्यांनी पुन्हा एकदा उतारावर खालपर्यंत पाहिलं. मग एकदम घाई झाल्यासारखं त्यांनी हंडा ओढून नळाखाली घातला. तो भरला, मग कळशी भरली, आणि त्यांनी तोटी घट्ट पिळून बंद केली. तीन भांडी अजून रिकामी होती.

'अहो आत्या, भरा की,' आई म्हणाली. 'तुमची पाच आहेत.'

'ऱ्हाऊ दे माय,' आत्या म्हणाल्या. 'तीन माणसांस्नी लई झालं. पान्यासाठी मानसाला बसवून ठिवू नये. म्या लई उभी ऱ्हायलेय, मला म्हाईत हाय.'

आणि उतारावर तोंड करून, ताईने शिकवलेली हाक त्यांनीच दिली. 'झालं!'

सातव्या खोलीचा नळ सुटला. आई तिथेच पायरीवर, माझ्या शेजारी बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.